सिकंदर अंकलची कुळी

बुकित बातोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले सिकंदर अंकल जन्मले इथलेच. बोलणं मलय, नाहीतर इंग्रजी. पण आजा तिराहच्या डोंगरातला आफ्रिदी पठाण, रखवालदारीला इकडे आलेला. आफ्रिदींच्या कुळ्या आठ. आपली कोणती, ते अंकलना ठाऊक नाही. लहानपणीच वडील गेले, सांगणारं उरलं नाही. ऐंशीच्या घरात आता तेवढीच ओढ.

आमच्याच शहरात सेरंगूनला, स्वतःच्या मुलाकडे मिरबाझखान नावाचे तिराहचे वडीलधारे आलेत, असं कळलं. त्यांना उर्दू येई, अंकलना नाही. माझ्या हिंदीला उर्दू कळे, म्हणून मधे बोलायला मी हवी होते. मी कचरले, तर नात श्रिया म्हणते, "आजी, कॅन लाह! जमेल तुला! मला अख्खं कीर्तन समजावतेस ना?"

आम्ही दोघं गेलो, तसं चहा पुढे ठेवून खानांनी वंशावळ सुरू केली. काय तो सूर! बुवा आख्यानाला उभे राहावेत तसा. खेल म्हणजे कुळी: कुकी खेल, मलिकदीन खेल, जक्का खेल... कोणत्या कुळीनं कोणती खिंड राखली, कोण कुणाशी भांडलं. मी डोलतच राहिले. अंकलनी कोपरानं ढोसलं, "आंटी, इंग्रजीत!"

"आजा काही सांगायचा?" खानांनी विचारलं.

"थंडीत गुरं घेऊन खाली उतरायचे, गुहेत राहायचे. आईनं ऐकलं होतं."

"मग आदम खेल नव्हे. ते तिराहला वरखाली करत नाहीत. उरल्या सात."

अंकलचा चेहरा फुलला. पण त्यापुढे खूणच नव्हती. खान बरंच विचारत राहिले, अंकल मान हलवत राहिले.

शेवटी खान कळवळून म्हणाले, "माझी कुळी घ्या. सिपाह. कोण विचारणार आहे?"

मीही भर घातली, "आमच्यात गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात. देवाला चालतं."

"तुमचा देव फार सांभाळून घेतो, आंटी," अंकल हसले. मग हळूच म्हणाले, "खानसाहेबांचं मन मोठं आहे, सांगा त्यांना. पण वर आजा भेटला, तर विचारेल ना, मला सोडून दुसऱ्याच्या दारात का बसलास?"

मी सांगितलं.

"त्यांना म्हणावं, सातही नावं पुन्हा घ्या. सावकाश," अंकल म्हणाले.

खानांनी सूर धरला. नावांना माझी गरज नव्हती. अंकल डोळे मिटून प्रत्येक नावाकडे थोडे झुकत, ओळखीची हाक येते का ऐकावं तसे क्षणभर थांबत, मग पुढच्याकडे. सातवं संपलं तरी ते तसेच झुकलेले होते.