बिनकामाचा गुण्या

मी गुण्या बोलतोय. कंपासपेटीतला तो पारदर्शक त्रिकोण, ज्याच्या पोटात उगाचच एक भोक असतं, तोच मी. ओळखलं नसेल तरी राग नाही. पेन्सिल झिजते, खोडरबर हरवतं, पट्टीने तर लोक पाठसुद्धा खाजवून घेतात. मी मात्र वर्ष संपलं तरी कोरा करकरीत.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात पडलं, थंड झालं, आणि मी टुणकन बाहेर आलो. साच्याने मला एकच गोष्ट चोख दिली, ती म्हणजे काटकोन. त्याचा मला थोडा गर्व आहे, कशाला लपवू?

माझी पहिली मालकीण एक शाळकरी मुलगी. हुशार, पण विचार करताना मला चावायची. माझं एक टोक तिनेच कुरतडलंय. नशीब, काटकोनाचं सोडलं! पुढे मामाने तिला नवी पेटी आणली आणि आमची जुनी पेटी, ढिल्या कर्कटकासकट, तिच्या आईकडे गेली.

आई रुग्णालयात आया होती. रोग्यांना उठवायचं, बसवायचं, चादरी बदलायच्या. मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, "तू दहावी झालीस की नर्सिंगच्या कोर्सला मी तुझं नाव सुचवते. पण वयाची अट आहे हं. यंदा नाही जमलं, तर पुढे माझ्याही हातात काही नाही."

बाकीचे विषय सुटले होते. घोडं अडलं होतं ते एकट्या भूमितीपाशी, आणि तेही दोनदा.

तिच्या अभ्यासाची तऱ्हा काय सांगू! भांडी घासता घासता पुटपुटायची, "अर्धवर्तुळात आंतरलिखित केलेला कोन काटकोन असतो." म्हणजे काय, असं विचारलं की गाडी ठप्प. कर्कटकावर भरवसा नाही, म्हणून वर्तुळ काढायचं डब्याच्या झाकणाने. वर्तुळ यायचं गोल गरगरीत. मग मधोमध, अंदाजपंचे, एक टिंब. झालं केंद्र!

"आई, हे केंद्र आहे?" लेक विचारायची.

"मग? मध्ये दिसतंय ना?"

"दिसतंय. नाहीये."

पुस्तक सांगत होतं, एकाच कंसावर केंद्राशी होणारा कोन वर्तुळावरच्या कोनाच्या दुप्पट असतो. आईच्या वहीत तो कधी दुप्पट भरलाच नाही. "छापणाऱ्यानेच चूक केलीय," म्हणून ती मोकळी. अंगण वाकडं, दुसरं काय!

एका संध्याकाळी मात्र तिने पुस्तक मिटलं. "राहू दे गं. मी आयाच बरी." मला फार वाईट वाटलं. लेकीचंही तोंड उतरलं. तिने मला पेटीतून काढलं.

माझा काटकोनाचा कोपरा तिने वर्तुळाच्या काठावर टेकवला. माझ्या दोन बाजूंनी वर्तुळ जिथे छेदलं, तिथे खुणा केल्या आणि त्या जोडल्या.

"ही जीवा. आता तुझं ते पाठ केलेलं म्हण."

"अर्धवर्तुळात आंतरलिखित केलेला कोन..." आई थांबली. "म्हणजे कोपरा काटकोनाचा असला, की समोरची जीवा व्यासच?"

"व्यासच."

आईने मला लेकीच्या हातातून काढून घेतलं, काठावर दुसरीकडे ठेवलं आणि आणखी एक रेघ ओढली. दोन रेघांची फुली पडली.

"दोन्ही व्यास. मग केंद्र इथेच." तिचं जुनं टिंब चांगलं बोटभर लांब होतं. "अगं बाई, मी इतकी लांब होते?"

त्यानंतर मला उसंत नाही. वाटीभोवती वर्तुळ काढ, पेल्याचं बूड गिरव, आणि शोध केंद्र! लेक म्हणाली, "आई, पुरे." आई कसली ऐकते.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. वर्तुळ काढून केंद्राशी होणारा कोन दाखवायचा होता, आणि नेमका कर्कटकाचा स्क्रू निघून बाकाखाली घरंगळला. दुसऱ्याचं मागायची सोय नाही. आईच्या कपाळावर घाम आला. मग तिने बाटलीचं झाकण कागदावर ठेवून वर्तुळ गिरवलं आणि मला उचललं. मी सरळसोट वस्तू, धीर द्यायला मला कुठे येतं? आपला काटकोन धरून काठावर उभा राहिलो. दोन रेघा पडल्या, केंद्र सापडलं, आणि पुढची उत्तरं भराभर लिहून झाली.

ती पास झाली. काठावर, पण पास.

आता ती नर्सिंग शिकते आणि मी तिच्या पिशवीत असतो. तुमच्याही पेटीत माझा एखादा भाऊ कोरा पडला असेल. त्याला एकदा बाहेर काढा, एवढीच विनंती. पाठ मात्र खाजवू नका, आमची टोकं बोचतात.

काल लेकीचा नवा गुण्या मोडला. तिची परीक्षा तोंडावर. आईच्या पिशवीत हात घालत ती म्हणाली, "माझा जुना गुण्या घेते गं."

"तुला नवा आणून देते," आई म्हणाली, आणि मला तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. "हा माझा आहे."

कारखान्यातून निघाल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं.