पोपटी टेरिलिन

“बाबा, आज तेवढा तो शर्ट नको.”

“का? काय वाईट आहे ह्याच्यात?”

खरी अडचण तीच होती. त्या पोपटी टेरिलिनच्या शर्टाचं काहीच वाईट होत नव्हतं. तो विटत नव्हता, विरत नव्हता, चुरगळत नव्हता. चिंधीच्या जन्माआधी घेतलेला तो शर्ट तिच्या शाळेच्या निकालाला आला, लग्नाला आला, लग्न मोडलं तेव्हा तिला घरी आणायलाही आला. दर वेळी तो तसाच टवटवीत. माणसं तेवढी उतरत गेली.

चिंधी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी कापडाचे तुकडे गोळा करायची, म्हणून पडलेलं. पुढे तिने त्याचाच धंदा केला. हातमागाचं कापड, हाताची शिवण, कांद्याच्या आणि डाळिंबाच्या सालींचे रंग. कपडा जुना झाला तर उसवून पुन्हा शिवावा, अगदीच संपला तर मातीत मिसळून जावा, असा तिचा हट्ट. ह्याला ती ‘टिकाऊ फॅशन’ म्हणायची आणि तो शब्द ऐकला की बाबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी जन्मभर काउंटर सांभाळला होता. दुकान बंद पडलं आणि ते घरी बसले.

“टिकाऊ मला शिकवू नकोस,” ते म्हणायचे. “टिकाऊ मी विकलंय.”

आज एका हॉलमध्ये तिच्या कपड्यांचं प्रदर्शन होतं. एका नावाजलेल्या दुकानाची मालकीण कपडे बघायला येणार होती. तिला पटलं असतं तर चिंधीच्या कपड्यांना त्या दुकानात कायमची जागा मिळाली असती. शेवटी तोड निघाली: शर्ट येईल, पण कोपऱ्यात बसेल आणि कुणाशी बोलणार नाही.

“मी मुका,” बाबांनी कबूल केलं.

मालकीणबाई आल्या. शेजारच्या गल्लीतली दातांची डॉक्टरीणही त्याच वेळी डोकावली. चिंधीने मालकीणबाईंना विटकरी रंगाचा कोट दाखवला. बाईंनी कापड चिमटीत धरलं.

“सुंदर आहे. पण नाजूक वाटतं हो.”

चिंधी उत्तराची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

“नाजूक? ताई, ओढून बघा!”

मुका माणूस खुर्चीतून उठला होता. त्याने कोटाची बाही दोन्ही हातांनी पकडली आणि काउंटरवर जन्मभर द्यायचा तसा एक झटका दिला.

टर्र!

कोट हँगरवर राहिला, बाही बाबांच्या हातात आली. ती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, जणू चूक बाहीची होती.

“टेरिलिनचं असं होत नाही,” ते हळूच म्हणाले.

धरणी दुभंगावी असं चिंधीला झालं. पण धरणी काही दुभंगेना, म्हणून तिने सुई घेतली, स्टूल ओढलं आणि सगळ्यांदेखत बाही लावायला बसली. टाके सरळ पडत होते.

मालकीणबाईंना आता शर्टात रस वाटू लागला. “किती जुना हो हा?”

“हिच्याहून मोठा.”

“मग खरा टिकाऊ कोणता म्हणायचा?” बाई हसत चिंधीकडे वळल्या.

“त्यांचाच,” चिंधी दाताने दोरा तोडत म्हणाली. “आपण सगळे गेल्यावरही तो तसाच असेल. पुरला तरी कुजायचा नाही. तीच तर पंचाईत आहे.”

बाबांनी स्वतःच्या छातीकडे पाहिलं. “जन्माची साथ देईल, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो,” ते म्हणाले. “जन्म संपल्यावरही देईल, हे कंपनीने मला सांगितलं नव्हतं.”

मालकीणबाई खूप हसल्या. जाताना म्हणाल्या, “कळवते हं.” ह्या शब्दाचा अर्थ काउंटरवर जन्म काढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बाबांचा चेहरा पडला.

मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. “बाई, हा कोट फाटतो. तुमच्या डोळ्यांदेखत फाटला. पण जिने शिवला ती इथे बसलीय, आणि पुन्हा शिवायला ती कुठे जाणार नाही.”

डॉक्टरीणबाईंनी तोच कोट विकत घेतला आणि तिथल्या तिथे अंगात चढवला.

“मालाचा दोष आयुष्यात पहिल्यांदा सांगितला,” बाबा म्हणाले. “कसंतरीच होतंय.”

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. उरलेले कपडे चिंधी पिशवीत कोंबू लागली.

“सरक,” बाबा म्हणाले.

त्यांनी लांब टेबल पुसलं. एकेक कपडा घेतला, एका झटक्यात उलगडला, बाह्या मागे वळवल्या, काठाला काठ लावला. कॉलर ताठ, सुरकुती नाही. दुकान बंद पडल्यापासून त्यांचे हात असे चाललेले चिंधीने पाहिले नव्हते.

शेवटची घडी झाली तसा त्यांचा उजवा हात दुकानातल्या सवयीने बाजूला गेला, खोक्याचं झाकण घ्यायला. तिथे काही नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तळवा त्या मऊ कापडावर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.