अकरा सह्यांची निरगुडी

चिमीच्या आईला काळजी करायला कारण लागत नसे, पण फाटकाजवळच्या निरगुडीने तिला ते आयतं पुरवलं होतं. डोक्याच्या वर वाढलेलं झुडूप, आत काय दडलंय कोणास ठाऊक. मुंग्या, माश्या आणि साप. साप कुणी पाहिला नव्हता, म्हणून तर तिला जास्तच खात्री होती. तिने ‘मुलांच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून सोसायटीच्या कमिटीला अर्ज लिहिला, शेजारच्या अकरा दारांवर जाऊन सह्या गोळा केल्या, आणि आज दहा वाजता माळी ते तोडायला येणार होता.

साडेनऊला ती दुधाकडे बघत उभी होती, तेवढ्यात दीड वर्षांची चिमी आजोबांचं बोट धरून पसार झाली. आई अनवाणीच खाली धावली. बघते तर आजोबा-नात निरगुडीला नाक लावून बसलेले.

“बाबा, तिला मागे घ्या. काहीतरी चावेल.”

“चावलं तर मला चावेल, मी पुढे बसलोय,” सासरे म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. डोळ्याला लावायचं भिंग अजून खिशातून सुटलं नव्हतं. “तू ह्या निरगुडीला कधी बघितलंस?”

“रोज बघते की, येता-जाता.”

“त्याला बघणं म्हणतात होय? माझा दुकानात एक नेम होता. घड्याळ उघडलं की दहा आकडे मोजेपर्यंत हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. निम्मी घड्याळं त्यानेच वाचली. घे.”

सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा दहा आकडे परवडले. चिमीचं मनगट घट्ट धरून तिने भिंग डोळ्याला लावलं.

तीन म्हणेपर्यंत सगळं धूसरच होतं. मग लांबून जो जांभळट धुरळा वाटायचा त्याची फुलं झाली, एकेक दाण्याएवढं. वरच्या चार पाकळ्या इवल्याशा, पण खालची पाचवी रुंद, गडद, बाळाला घ्यायला कुणी ओंजळ पुढे करावी तशी. तिच्या गळ्याशी पांढरी लव. चिमी जन्मली तेव्हा तिच्या खांद्यांवर अशीच होती, आणि नंतर कधी गेली ते कळलंच नव्हतं. कळ्या राखाडी, पावडर लावून निजवलेल्या. आठ म्हणताना मोहरीएवढी एक माशी त्या ओंजळीत उतरली. फूल जरासं लवलं, आणि वरून डोकावणाऱ्या केसरांनी तिच्या पाठीवरून अलगद हात फिरवला. एवढ्याशा पाहुणीची केवढी ही सरबराई! नऊ आणि दहा मोजायचे राहूनच गेले. मनगटावरची पकड कधी सुटली तेही तिला कळलं नाही. चिमी पानाची पाच बोटं आपल्या पाच बोटांना लावून बघत होती.

“ताई, बाजूला व्हा,” मागून माळी म्हणाला. हातात करवत होती.

“काका, तोडू नका.”

“अहो, अर्ज तुमचाच ना? अकरा सह्या तुम्हीच आणल्यात.”

“माझाच आहे. मी नीट बघितलं नव्हतं.”

“आणि तो साप?”

“त्याचा तपास चालू आहे,” सासरे गंभीरपणे म्हणाले.

माळी हसला, पण कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. “मला वरून हुकूम आहे. सगळ्यांनी सह्या मागे घेतल्या तरच थांबता येईल. बारापर्यंत मी मागचं गवत कापतो, पुढे माझा इलाज नाही.”

अकरा दारं. महिनाभर ज्यांना तिने सापाच्या नावाने घाबरवलं, त्यांच्यापुढे आता तोंड घेऊन जायचं. तिने चिमीला कडेवर घेतलं आणि जिने चढायला लागली.

पहिलं दार एका निवृत्त शिक्षिकेचं. “आता काय? डासांचा अर्ज?”

“नाही काकू. सही खोडायची आहे. माझं चुकलं. पण माझ्या शब्दावर खोडू नका, आधी खाली येऊन बघा.”

काकूंनी तिला खालून वर न्याहाळलं. अनवाणी पाय, केसांत अडकलेलं पान.

“चष्मा घेते,” त्या चपला शोधत म्हणाल्या. “फुलांचं माहीत नाही, पण तुझं चुकलं म्हणतेस, ते बघायला तरी आलंच पाहिजे.”