विणकामाच्या नमुन्यांचा कोड

शनिवार दुपार झाली, की गेर्लिंड फोसबेक जेवणाच्या टेबलावरची भांडी हलवायची आणि आठवड्याची पाकिटं पुढ्यात ओतायची. प्रत्येक पाकिटात एक कोरी फ्लॉपी आणि परतीचं तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. तिनं आपल्या अटारी कॉम्प्युटरवर फ्लॉपी भरायची, पाकीट चिकटवायचं, पुढचं घ्यायचं. पश्चिम जर्मनीतल्या देटमोल्डमधल्या त्या स्वयंपाकघरात हे तीन वर्षं चाललं होतं.

प्रोग्रॅम तसा साधा होता. पडद्यावर खिडकी उघडायची, माऊसनं चौकटी रंगवायच्या, की स्वेटरचा नमुना तयार. तो तिनं बहिणीसाठी लिहिला होता. मग कॉम्प्युटर क्लबच्या मासिक पत्रकात त्याची माहिती आली आणि मागण्या सुरू झाल्या. गेर्लिंड प्रोग्रॅमबरोबर त्याचा सगळा कोडही द्यायची. कोडच्या वरच तिनं लिहिलं होतं: घ्या, बदला, वाटा, काही सुधारलंत तर मला कळवा.

चारशेच्या वर फ्लॉप्या गेल्या. कळवलं कुणीच नाही. तक्रारी मात्र न चुकता यायच्या. नमुन्याच्या खिडकीवर दुसरी खिडकी अर्धवट आली आणि बाजूला केली, की कधीकधी नमुन्याची शेवटची उभी ओळ गायब व्हायची. पडद्यावर बघून टाके मोजणाऱ्यांचा एक टाका कमी भरायचा. एका बाईनं तर उसवलेली बाहीच पाठवून दिली होती. गेर्लिंडनं ती चूक दोन हिवाळे शोधली. सापडली नाही.

"पोस्टवाले तुला पगार का देत नाहीत?" तिचा नवरा एवाल्ड म्हणायचा. पूर्वी ती यावर हसायची.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये तिनं पत्रकासाठी चार ओळी लिहिल्या: यापुढे फ्लॉप्या पाठवू नयेत. त्या पोस्टात टाकायला निघाली, तेवढ्यात पोस्टमननं एक जाड पाकीट हातात दिलं. आत फ्लॉपी नव्हती. तिचाच कोड होता, त्रेचाळीस पानांवर छापलेला आणि समासात पेन्सिलीच्या बारीक अक्षरानं भरलेला. सोबत पत्र होतं. लिहिणारे हार्टमूट गेब्लर, राहणार केम्निट्स. पलीकडच्या, म्हणजे पूर्व जर्मनीत एकोणीस वर्षं एका कारखान्याच्या संगणक विभागात होते. एकीकरणानंतर कारखाना बंद पडला. घरी कॉम्प्युटर नाही. कासेलच्या भाचीनं तिच्याकडच्या फ्लॉपीवरून हे कागद छापून दिले, आणि सकाळ जाता जात नाही म्हणून वाचले. पान एकतीसवर खिडकीची उजवी कड काढताना एक हा आकडा दोनदा वजा झालाय, असं त्यांना वाटत होतं.

गेर्लिंडनं पान एकतीस उघडलं. खरंच दोनदा वजा झाला होता. तिनं तो दुरुस्त केला, खिडकीवर खिडकी सरकवून पाहिली, वीस वेळा पाहिली. ओळ हलली नाही. आनंद व्हायला हवा होता. तिला आधी आठवले ते चुकीचा प्रोग्रॅम गेलेले चारशे पत्ते. टेबलावर डोकं टेकून ती बराच वेळ तशीच बसली.

पुढच्या रविवारी केम्निट्सला जायला एवाल्डनं गाडी काढली. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला तिचा कॉम्प्युटर होता.

गेब्लर उंच, किंचित वाकलेले, घरातही टाय लावलेले गृहस्थ होते. त्यांनी चक्क्याचा केक कापला, कॉफी ओतली. कागदावर वाचून चूक कशी सापडली, असं तिनं विचारलं.

"आम्हाला मशीन आठवड्यातून तासभर मिळायची," ते म्हणाले. "बाकीचं सगळं कागदावरच करायचं. चुकलं, की गेला आठवडा."

"मी हे आता बंद करतेय," गेर्लिंड म्हणाली.

त्यांनी तिच्या बशीत केकचा तुकडा ठेवला. "करा की. पण एक विचारू? तेविसाव्या पानापासून पुढे कोडमध्ये तुमची एकही टीप नाही. आधी कसं, ओळीओळीला समजावून सांगितलंय. काय झालं होतं?"

"आई आजारी होती. तिच्या उशाशी बसून लिहिलंय ते. पुढे समजावायचं त्राणच राहिलं नाही."

एवाल्डनं कपातली कॉफी ढवळली, खूप वेळ.

कॉम्प्युटर आत आणला तेव्हा मात्र गेब्लर उठून उभे राहिले. "नाही हो बाई. मी अजून दान घेत नाही."

"दान कुठलं? काम आहे," ती म्हणाली. "ऐंशी पाकिटं अजून उघडायची आहेत. ती गाडीत आहेत. तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगा."

गेब्लरनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग कोट घातला आणि पाकिटं आणायला स्वतः जिना उतरले.

परतीच्या वाटेवर गेर्लिंड अर्ध्या वाटेवर, आयसेनाखच्या अलीकडेच झोपली, ती घर येईपर्यंत उठली नाही.

पत्रकात तिचं नाव तसंच राहिलं, खाली पत्ता केम्निट्सचा आला. पहिल्या शनिवारी ती दुपारी टेबलाशी जाऊन बसली आणि काय करावं ते न सुचून परत उठली. दुसऱ्या शनिवारी बसली नाही. मे महिन्यात हानोव्हरहून एका बाईचा फोन आला. नमुन्याचा प्रोग्रॅम कुठे मिळतो, म्हणून विचारत होती. गेर्लिंडनं गेब्लरांचा पत्ता एकेक अक्षर करून सांगितला.

"ते माणूस म्हणून बरे आहेत ना?" बाईनं विचारलं. "मला यातलं काही कळत नाही हो."

"बिनधास्त लिहा," गेर्लिंड म्हणाली. "ते सगळं वाचतात."

फोन ठेवून ती उरलेले बटाटे सोलायला गेली.