खंडेनवमीला बदललेलं पाणी

मित्रांनो, मी एक समुद्री गोगलगाय आहे. पाठीवर शंख नसलेली. कासारवाडीच्या एका चाळीत, फळीवरच्या काचेच्या बरणीत मी राहते. माझं खरं घर खोल समुद्रात, जिथे उजेडही पोचत नाही. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. इथेही कुणी ओळखत नाही.

जिवंतपणी मी फारसं काही केलं नाही. चिखलावरून सरपटले, मिळेल ते खाल्लं. एकदा जाळ्यात अडकून वर आले आणि बोटीवरच जीव सोडला. कोंडाजी नावाच्या खलाशाला मात्र माझी जांभळी किनार आवडली. मासळी तपासायला येणाऱ्या साहेबांकडून त्याने उग्र वासाचं औषध मागून घेतलं आणि मला त्यात बुडवलं. त्या औषधामुळेच माझं अंग शाबूत राहिलं.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या दिवाळीत तो मला घेऊन बहिणीकडे, मंजुळाबाईंकडे आला. त्यांचे यजमान ज्योतीराम पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते.

"बाय, ह्येका सांभाळ," कोंडाजी म्हणाला. "ह्येचा नाव कोणाकच ठावक नाय. पुढच्या खेपेक इलंय की पुण्याच्या कॉलेजात दाखवूया."

"ह्येका खाऊक काय घालू?"

"काय नको गो. नुसता ठेव."

पुढची खेप झालीच नाही. पावसाळ्याआधीच्या वादळात बोट बुडाली. कोंडाजीचा देहही सापडला नाही, आणि घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. मग मंजुळाबाई माझीच बरणी रोज पुसू लागल्या. राखी पौर्णिमेला त्यांनी बरणीला राखी बांधली. मला अवघडल्यासारखं झालं, पण खरं सांगते, इतकी माया मला समुद्रात कधी मिळाली नव्हती.

चार-पाच वर्षं अशीच गेली. खंडेनवमीला ज्योतीराम आपले पाने, कानस, हातोडी रॉकेलने पुसून पाटावर मांडत. एका वर्षी मंजुळाबाईंनी त्या हत्यारांशेजारी मला ठेवलं. भावाचं जाळं समुद्रात गेलं होतं. त्याच्या कामाची खूण म्हणून मीच उरले होते.

"पूजेक असा कळकट ठेवू नको," ज्योतीराम म्हणाले. "पाणी बघ, कसा पिवळा झालाहा."

"होय तर. दादाची वस्तू असल्या वासाच्या पाण्यात कशी ठेवू?"

त्यांनी औषध मोरीत ओतलं. बरणी घासली, नळाचं स्वच्छ पाणी भरलं, हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. मी ओरडले असते, पण मला आवाज नाही.

तेव्हापासून मी विरघळते आहे. पाणी गढूळ होतं, मंजुळाबाई हळहळतात आणि ते पुन्हा बदलतात. दर वेळी माझा थोडा भाग मोरीतून वाहून जातो. जांभळी किनार तर कधीच गेली. "दादा, तुझी वस्तू अशी कित्या रे झिजता?" असं म्हणून त्या रडतात आणि मला आणखी जपतात. माझं काळीज तुटतं. मी तर जाईनच, पण माझ्याबरोबर त्यांचा भाऊ पुन्हा एकदा बुडेल.

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. आणि कधी कासारवाडीला गेलात, तर मंजुळाबाईंना एवढंच सांगा, की आता पाणी बदलू नका. का, ते मात्र सांगू नका. त्यांनी विचारलंच, तर समुद्रातल्या वस्तू अशाच विरघळतात, असं म्हणा.