कंबर सात इंच

मी एक जुना मोबाइल फोन आहे मित्रांनो, आणि माझ्या पोटात शिंपीकामाचा खडू भरलेला असायचा. हसू नका. त्या खडूपायी एकदा एका घरावर फार वाईट वेळ येता येता राहिली.

मी जन्मलो तो एका लांबलचक, धुळीचा कण नसलेल्या कारखान्यात. पांढरे हातमोजे घातलेल्या बोटांनी माझी काच बसवली, मला पुसले आणि मऊ खोक्यात झोपवले. पहिल्या मालकाने दोन वर्षांतच नवा फोन घेतला आणि मला विकून टाकले. तिथून मी आलो शिवणताईंकडे. त्यांचे खरे नाव काही का असेना, गल्लीत सगळे त्यांना शिवणताईच म्हणतात.

त्यांचे घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापायचे टेबल आणि आरसा. मागच्या खोलीत सासूबाई. मला टेबलावर जागा मिळाली. एकदा कात्री अंगावर पडली आणि माझा कोपरा तडकला, पण कौतुकही पुष्कळ झाले. गिऱ्हाइके माझ्यावर गळ्यांचे नमुने पाठवत. "हा आहे म्हणून माझं दुकान चालतं," असे ताई म्हणायच्या. मात्र मला चार्जिंगला लावायच्या भोकात खडू आणि दोऱ्याचे तुकडे साचत गेले, तिकडे कुणी पाहिले नाही. मग वायर तिरकी धरली तरच माझे पोट भरायचे.

त्या घराची एक रीत होती. ताई पुढच्या खोलीत टेप लावून आकडे मोठ्याने सांगत, आणि मागे पलंगावर बसलेल्या सासूबाई ते मापवहीत उतरवून घेत. आधी छाती, मग कंबर, मग उंची. अठरा वर्षे हेच. आता सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तरी जाड पेन्सिलीने बोराएवढे आकडे काढत, पण वही सोडत नसत. सोमवारी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. त्यासाठी साठवलेले सगळे पैसे ताईंच्या खात्यात होते.

गुरुवारी दुपारी मी वाजलो. वाजलो नसतो तर बरे झाले असते.

"ताई, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज संध्याकाळी बंद होतंय."

"अहो, असं कसं? सोमवारी दवाखान्यात पैसे भरायचेत माझे!"

"म्हणूनच फोन केला ना. घाबरू नका, मी आहे." आवाज साखरेत घोळलेला. ताईंच्या कार्डाचा क्रमांक त्यानेच घडाघडा वाचून दाखवला, आणि ताईंचा विश्वास बसला. "आता एक मेसेज येईल. त्यातला नंबर तेवढा सांगा."

मेसेज माझ्याच पडद्यावर उमटला. त्यात स्पष्ट लिहिले होते, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. पण जन्मभर टेप वाचलेली नजर अक्षरांवर थांबते कुठे! ती सरळ आकड्यांवर गेली. मी ओरडू शकत नव्हतो. नुसता उजळलो.

"एक्याण्णव... शून्य सात... अडतीस," ताईंनी सवयीने मोठ्याने, थांबत थांबत सांगितले.

दुसऱ्याच क्षणी मी थरथरलो. खात्यातून चार हजार गेले होते.

"अहो, पैसे गेले की माझे!"

"परत येतील ताई. त्याचाच दुसरा नंबर आलाय बघा. लवकर सांगा, आणि फोन ठेवू नका."

दुसरा मेसेज आलाच होता, आणि त्यावरची रक्कम खात्यात उरलेल्या सगळ्या पैशांची होती. ताई सांगू लागल्या, "चौ... चौसष्ट..."

तेवढ्यात भिंत धरत सासूबाई दारात आल्या. वही नाकाला लावलेली.

"काय गं, हे कुणाचं माप? छाती एक्याण्णव आणि कंबर सात इंच! गिऱ्हाईक आहे की भोवरा?"

"आई, थांबा जरा. बँकेचा फोन आहे."

"मग बँकेला झंपर शिवायचाय का? आकडे कशाला सांगत्येस?"

ताईंची नजर आकड्यांवरून पहिल्यांदाच अक्षरांकडे वळली. पलीकडून आवाज चढला, "ताई, लवकर! नाहीतर जबाबदारी तुमची!" साखर संपली होती. ताईंनी फोन कापला.

"तुमच्या डोळ्याचे पैसे हो, आई. त्यालाच परत फोन लावते, हातापाया पडते."

"ज्यानं खिसा कापला त्यालाच विनवणार? कार्ड काढ. त्याच्या मागं नंबर असतो बँकेचा."

कार्ड बटणांच्या डब्यात होते. ताईंनी नंबर लावला. माझ्यात सहा टक्के जीव उरला होता. पलीकडे संगीत वाजत राहिले. पाच. ताईंनी वायर लावली, तिरकी केली, दाबली. खडूपुढे काही चालेना. चार.

"आई, गल्लीत कुणाला कळू देऊ नका हं."

"लपवायचं ते सांगून बसलीस, आता सांगायचं ते लपवू नकोस."

तीन. मी पडदा मंद केला, श्वास धरला. दोनवर एक बाई बोलल्या. त्यांनी प्रश्न विचारले, कार्ड बंद केले आणि म्हणाल्या, "बाकीचे पैसे सुरक्षित आहेत. तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि शाखेत व पोलिसांकडे आजच लेखी तक्रार द्या."

ताई आकडे मोठ्याने सांगू लागल्या. सासूबाई कंबर सातच्या खाली बोराएवढे आकडे काढू लागल्या. शेवटचा आकडा उतरला आणि मी विझलो.

दोघी मापवही घेऊनच शाखेत गेल्या आणि तिथून पोलिसांकडे. ऑपरेशन सोमवारीच झाले. चार हजारांची चौकशी अजून चालू आहे; ताई रोज तो तक्रार क्रमांक सांगून विचारतात. माझे भोक आता दातकोरणीने साफ होते.

मित्रांनो, आम्हा फोनांना सगळे दिसते, पण ओरडता येत नाही. म्हणून आकड्यांच्या आधी अक्षरे वाचा. आणि चूक झालीच तर माझ्यात थोडा तरी जीव आहे तोवर कुणाला तरी सांगा.

परवा डोळ्याची पट्टी निघाली. सासूबाईंनी पहिल्यांदा मलाच उचलले आणि तो जुना मेसेज एकेक अक्षर लावत वाचला. मग पुढच्या खोलीकडे बघून हाक मारली,

"अगं ए, केवढं ढळढळीत लिहिलंय गं! आंधळी मी होते की तू?"

शिवणयंत्र थांबले. कितीतरी दिवसांनी मी ताईंना हसताना ऐकले.