चमचाभर युरिया

बायकोची नजर हलती करायला मी मासे पाळले आणि मीच ते मारले. आधीच सांगून टाकतो, उगाच माझ्यासाठी कुणी हळहळायला नको.

राहीबाईला अर्धांगवायूचा झटका आला आणि गावाकडचा, कुंडलचा ऊस भावाच्या हवाली करून मी तिला शहरात विश्रामबागेत दोन खोल्यांत आणलं. वाचा गेली होती. डोळे छताला लागले ते लागलेच. मी समोर बसून हाका मारायचो, तिला मी दिसतच नसे. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला एवढं परकं कधी केलं नव्हतं.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या आम्रपालीताई म्हणाल्या, "काका, डोळ्यांपुढं काहीतरी हलतं ठेवा. नजर त्याच्या मागं मागं फिरायला हवी. फार दिवस अशीच राहिली तर अवघड होईल."

म्हणून मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार प्रशांतनं काचेची टाकी, माती आणि पाण्यातली हिरवी झाडं दिली आणि बजावलं, "आवं मामा, चार आठवडं नुसती झाडं वाढू द्या. पाणी तयार झाल्याबिगर मासा सोडायचा न्हाई."

"चार आठवडं? येवडा दम न्हाई गड्या माज्याकडं."

आडसाली उसासाठी अठरा-अठरा महिने थांबणारा मी, पण चार आठवडे मला निघेनात. पाचव्याच दिवशी दुसऱ्या दुकानातून सात गप्पी आणून पलंगासमोरच्या टाकीत सोडले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी नारिंगी शेपटीचा गप्पी डावीकडून उजवीकडे गेला आणि राहीचे डोळे त्याच्यामागे गेले. मी मोरीत जाऊन ढसाढसा रडलो.

मग झाडं पिवळी पडायला लागली. झाडं मेली तर मासे जातील आणि मासे गेले तर तिची नजर, एवढंच डोक्यात. पिवळ्या पानाला काय घालायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुंडीतल्या तुळशीसाठी गावाहून आणलेला युरिया घरातच होता. एकराला पोती ओतणाऱ्या हाताला चमचाभर म्हणजे काहीच नव्हे. प्रशांतला विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी प्रशांतला फोन लावला.

"मामा, पाण्यात काय घातलंय?"

"चमचाभर युरिया."

"इख झालं की वो त्याचं. निम्मं पाणी काढा, साठवल्यालं घाला. थांबू नका."

मोरीतल्या पिंपात पाणी साठवलेलं होतं. बादली भरायची, पलंगाला वळसा घालून टाकीत ओतायची, टाकीतलं उपसायचं, परत मोरी. गुडघे बोंबलत होते. दहा वाजता दोन मासे उलटे झाले, अकरापर्यंत आणखी चार. "मर की म्हाताऱ्या, तूच मर," मी स्वतःला शिव्या घालत होतो. नारिंगी शेपटीवाला तेवढा तळाशी कल्ले हलवत होता. "तू तरी ऱ्हा रं बाबा. तिचं डोळं तुज्यावर हायती." पिंप रिकामं झालं तेव्हा तोही उलटा झाला.

तिला दिसू नये म्हणून मी टाकीला पाठ लावून उभा राहिलो. घाबरत तिच्याकडं बघितलं.

राही माझ्याकडं बघत होती.

योगायोग असेल म्हणून मी एक पाऊल डावीकडं टाकलं. डोळे मागं आले. मोरीच्या दारापर्यंत गेलो, तिथंही आले. सकाळपासून मी तिच्यासमोर बादली घेऊन धावत होतो आणि तिच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

"राहे, अगं, मी हाय," म्हणत मी पलंगापाशी थांबलो, तर डोळे हळूहळू परत छताकडे निघाले.

मी झटकन रिकामी बादली उचलली. टाकीत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, पिंपात पाणीही नव्हतं. तरी मोरीकडे निघालो, तिच्या डोळ्यांना जमेल एवढ्या सावकाश चालीनं.